समोरचं ताट

३ सप्टेंबर

मारिसेल काल फोनवर म्हणाली, "आई, कुणाशी तरी बोलत जा गं." आयर्लंडमधून सांगायला काय जातं! ती तिथं नर्स आहे, दिवसभर म्हाताऱ्यांशी गप्पा मारते, म्हणून तिला वाटतं सगळ्या दुखण्यांवर गप्पा हेच औषध. अगं बाई, मी दिवसभर माणसांशीच बोलते. प्रश्न मी विचारायचे आणि उत्तरं त्यांनी द्यायची, एवढाच काय तो फरक.

तरी ही वही काढली. औषध कंपनीच्या पोरानं दिलेली. प्रत्येक पानाखाली ॲसिडिटीच्या गोळ्यांची जाहिरात आहे, त्यामुळे काहीही लिहिलं तरी शेवटी पोटावरच येणार.

बाजारात नाताळची गाणी सुरू झालीत. सप्टेंबर उजाडला की आमच्या या बेटांवर नाताळ. आता चार महिने कान किटणार.

मी फेलिसिदाद नोब्लेझा, केंद्रातल्या सगळ्यांची फेली मॅडम. शाबू नावाची नशेची पूड ओढून ओढून ज्यांची घरं बसली अशी माणसं उसाच्या शेतांपलीकडच्या आमच्या केंद्रात सहा महिने राहतात. मुदत संपत आली की माझ्या खोलीत येतात. माणसाचं चित्र काढा, अर्धवट वाक्यं पुरी करा, शेकड्यांनी प्रश्न आहेत त्यांना हो की नाही ते सांगा. मग मी लिहून देते, घरी जायला तयार आहे किंवा नाही. सही डॉक्टर आर्सेन्यो करतात, डोकं माझं.

आज जोवित आला. जोवितो तुपास, छत्तीस वर्षांचा, बोटींच्या कारखान्यात वेल्डर होता. रात्रपाळीला झोप येऊ नये म्हणून ओढायला लागला, मग दिवसाही ओढू लागला. मी चष्मा शोधत टेबल पालथं घातलं. तो म्हणाला, "मॅडम, गळ्यात आहे." दोरीला लटकत होता मेला.

बोलता बोलता बारा वाजले. मी डबा उघडला. आता समोर माणूस असताना डबा उघडला की "ये जेवायला" म्हणावंच लागतं. आणि पोटात कावळे ओरडत असले तरी समोरच्यानं "नको मॅडम, पोट भरलंय" म्हणायचं असतं. दोन्हीकडून नुसती बोलाची कढी. या बाबानं काय करावं? खुर्ची ओढून बसला! माझा अर्धा भात आणि अर्धा मासा खाल्ला आणि वर म्हणतो, "मॅडम, मीठ कमी आहे."

मी नोंद केली, सामाजिक संकेतांचं भान कमी.

मीठ कमी होतं, ते मात्र खरं.

९ सप्टेंबर

जोवितची चाचणी. "एक माणूस काढ," म्हटलं. त्यानं एक जाडजूड बाई काढली, टेबलाशी जेवत बसलेली, गळ्यात दोरीला काहीतरी लटकतंय, दोन गोल. विचारलं तर म्हणाला, "चष्मा." समोर रिकामी खुर्ची.

पुस्तकात छापावं असं चित्र! त्याची आई तो अकरा वर्षांचा असताना गेली. बाई म्हणजे आई, रिकामी खुर्ची म्हणजे तो स्वतः. आईच्या पानाजवळची जागा अजून रिकामीच आहे. "मला सगळ्यात वाईट वाटतं, जेव्हा..." हे वाक्य त्यानं "कुणी एकटं जेवतं" असं पुरं केलं. आईची ओढ किती खोल गेलीय बघा.

प्रश्नांचे आकडे बरे आले. चांगलेच आले खरं तर. पण एवढा न बुजलेला खड्डा घेऊन माणसाला घरी धाडणं मला पटेना. एक महिना आणखी राहू दे, आठवड्यातून दोनदा माझ्याकडे बसू दे, असं लिहून दिलं. जोवितला सांगितलं, "तू अजून तयार नाहीस." त्यानं मान हलवली आणि डबा धुऊन आणला.

२४ सप्टेंबर

तुरीचे दाणे, कोवळा फणस आणि डुकराची तंगडी घातलेलं कालवण एकटीपुरतं होतच नाही. क्रिसांतो, माझा नवरा, होता तेव्हा पातेलं पुरत नसे. आज उरलं म्हणून दोन डबे नेले. उरलं म्हणजे, जरा जास्तच केलं होतं.

जोवितनं खोलीतला पंखा दुरुस्त केला. तीन वर्षं घरघरत होता, मी अर्जांवर अर्ज केले, यानं एका सुतळीत काम भागवलं. जेवताना विचारतो, "मॅडम, साहेब कुठं असतात?"

"कबरस्तानात."

त्याचा घास हातातच राहिला. मग म्हणाला, "मग रविवारी तुम्ही कुठं जेवता?"

क्रिसांतो गेल्यापासूनच्या चार वर्षांत लोकांनी मला पुष्कळ विचारलं. काय झालं, बोटीवरच गेले का, पेन्शन नीट मिळते ना. रविवारी कुठं जेवता, असं कुणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "प्रश्न मी विचारते, तू नाही." पण कालवण त्याला आणखी वाढलं.

७ ऑक्टोबर

आज काय तमाशा झाला! मी भोजनगृहात सहसा जात नाही, आज डॉक्टरांनी बोलावलं म्हणून गेले. सगळे जेवत असताना रेनांते नावाचा एक जण भात टाकून उठला आणि मागच्या कुंपणावरून पसार झाला.

डॉक्टर ओरडतायत, "गेट बंद करा! गेट!" आणि इकडे स्वयंपाकघरातून आमची स्वयंपाकीण पासिंग डाव घेऊन धावत आली. "अरे, बघताय काय? ताटं फिरवा! ताटं फिरवा!"

आणि सगळ्यांनी आपापलं ताट जागच्या जागी गर्रकन फिरवलं. आपण जेवत असताना कुणी वाटेला लागलं तर ताट फिरवायचं, म्हणजे तो सुखरूप पोचतो. मान्य. पण पळून गेलेल्यासाठी? पहारेकऱ्यानं आधी आपलं ताट फिरवलं आणि मग शिट्टी फुंकली. डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. लहानपणी त्यांनीही हेच केलेलं असणार, म्हणून कुणाला बोलता येईना.

मी नाही फिरवलं. मी शिकलेली बाई. क्रिसांतो जहाजावर निघाला की सासूबाई फिरवायच्या. मारिसेल विमानतळावर निघाली तेव्हा शेजारणीनं फिरवलं. ताट फिरवून कुणी कायमचं परत आलेलं मी तरी पाहिलं नाही.

माझ्या शेजारी जोवित होता. त्यानं हळूच विचारलं, "तुमचं फिरवू का?" मी म्हटलं, "गप जेव."

१४ ऑक्टोबर

मी चाट पडलेय. महिन्यापूर्वी जोवितनं जिथं जिथं "नाही" म्हटलं होतं, तिथं आज "हो". झोप लागत नाही? हो. घरी जायची भीती वाटते? हो. ओढावंसं वाटतं? कधीकधी. त्रासाचे आकडे एकदम वर. चित्रात पुन्हा तीच बाई, तोच चष्मा. यावेळी टेबलावर दोन ताटं आहेत, खुर्ची मात्र रिकामीच.

"जोवित, काय होतंय तुला?"

"काही नाही मॅडम. तुम्हीच म्हणालात ना, मी तयार नाही. तुम्हाला जास्त कळतं."

बघा! मी सप्टेंबरमध्येच ओळखलं होतं. वरवर शांत दिसणारी माणसंच आतून पोखरलेली असतात.

डॉक्टर आर्सेन्योंना पटेना. तिशीतला पोरगा, अजून मिशी धड फुटली नाही. म्हणे, "मॅडम, तो नवीन आलेल्यांना रात्री धीर देतो, पासिंगला मदत करतो, हसतो खेळतो. तुमचे आकडे आणि माझे डोळे जुळत नाहीत."

"डोळ्यांना पदवी नसते, डॉक्टर."

हसले आणि नोव्हेंबरअखेरपर्यंत मुदत वाढवून सही केली. मला हायसं वाटलं. हे रुग्णाच्या दृष्टीनं लिहितेय. येताना बाजारातून कोळंबी घेतली, जरा मोठीच, त्याला सोलायला आवडते.

२ नोव्हेंबर

काल मृतांच्या आठवणीचा दिवस, कबरस्तानात गेले. क्रिसांतोच्या कबरीवर फुलं, मेणबत्त्या. आजूबाजूला नुसती जत्रा. लोक चटया, पातेली, पत्ते, नातवंडं घेऊन येतात आणि मेलेल्या माणसाला रात्रभर एकटं सोडत नाहीत. मी घडीची खुर्ची नेली होती आणि भाताची पानात बांधलेली पुरचुंडी.

पुरचुंडी सोडली आणि शेजारच्या कबरीवरच्या कुटुंबाला म्हटलं, "या जेवायला." सगळे एका सुरात म्हणाले, "जेवलो, जेवलो, तुमचं चालू द्या." बरोबरच आहे त्यांचं. रीतच आहे. मी क्रिसांतोकडे पाठ करून जेवले. का कोण जाणे, त्याच्या नावाकडे बघत घास उतरेना.

अंधार पडायच्या आत निघाले. एका म्हातारीनं विचारलं, "एवढ्यात? मुलं येणारेत का मागून?" मी म्हटलं, "हो, येणारेत."

खोटं बोलायची काय गरज होती?

१० नोव्हेंबर

जोवितची थोरली बहीण येऊन गेली, मनांग लिलिया, म्हणजे लिलियाताई. आमच्याकडची बाई भांडली तरी अंगाई म्हणतेय असं वाटतं. ही तशीच भांडली.

"मॅडम, तुमचे उपकार मोठे आहेत हं. पण माझ्या तोतोला, या धाकट्याला, अजून किती दिवस ठेवणार? सहा महिन्यांचे आठ झाले."

मी समजावलं. आईची जखम, रिकामी खुर्ची, सगळं सांगितलं. चित्र कसं आहे तेही सांगितलं. ती डोळे मोठे करून बघायला लागली.

"जाडी बाई? आमची आई? मॅडम, आई काडी होती हो काडी! आणि चष्मा कसला? तिला अक्षर ओळखता येत नव्हतं."

मग चित्रातली बाई कोण? एखादी मावशी असावी. विचारायला हवं.

पुढे लिलिया म्हणाली, "त्याची आयव्ही माझ्याकडे आहे. चार वर्षांची. तिची आई सोडून गेली, ती गेलीच. आधी पोरगी रोज विचारायची, बाबा कधी येणार? हल्ली विचारत नाही. आणि मला आत्या म्हणत नाही, नानय म्हणते. आई म्हणते मला."

"मग चांगलंच आहे की. मुलाला आधार हवाच."

"मॅडम, मला मूलबाळ नाही." ती हातातला रुमाल चुरगळत होती. "मला ते फार गोड लागतं. सकाळी नानय म्हणून हाक आली की माझे पाय जमिनीवर राहत नाहीत. म्हणून तर म्हणते, लवकर सोडा त्याला. मला पुरती सवय लागली ना, तर मीच काहीतरी खोट काढीन आणि पोरगी देणार नाही. मी स्वतःला ओळखते."

मला तिचं नवल वाटलं. स्वतःच्या मनाची इतकी नीट पारख अडाणी बाईला असते कुठं! मी तसं म्हटलंही.

दारात ती थांबली. "तोतोला विचारलं, तू काही बोलत का नाहीस? तर म्हणतो, मॅडम एकट्या असतात गं."

मी म्हटलं, "भेटीची वेळ संपली."

१२ नोव्हेंबर

काय आगाऊपणा! मॅडम एकट्या असतात! माझी मुलगी आहे, माझं काम आहे, शेजारीण आहे, रविवारी चर्च आहे. व्यसनी माणसाची ही जुनी खोड. दुसऱ्याची दुखरी जागा बरोबर हुडकायची आणि तिथं फुंकर घालून आपला कार्यभाग साधायचा. तेवीस वर्षं बघतेय मी. दया दाखवणारा पेशंट सगळ्यात धोक्याचा.

आज एकच डबा नेला. बाराला जोवित दाराशी आला, मी म्हटलं, "आजपासून जेवायची वेळ बंद. काम आहे." तो बरं म्हणाला आणि गेला. मी भिंतीकडे तोंड करून जेवले. पंख्याचा आवाजसुद्धा येत नव्हता. मेल्यानं दुरुस्तच इतका चांगला केला.

भात अर्धा परत आणला.

२० नोव्हेंबर

जोवितची तिसरी चाचणी. आधीच ठरवलं होतं, स्पष्ट विचारायचं.

"मी एकटी असते असं बहिणीला तू सांगितलंस?"

"हो मॅडम."

"तुला काय करायचंय त्याच्याशी?"

तो पेन्सिलीचं टोक बघत बसला. "काही नाही. तुम्ही ये जेवायला म्हणालात, मी बसलो. बसायला नको होतं, पण मासा तळलेला होता." जरा हसला. "एकदा बसल्यावर मधेच कसं उठणार? तुमचं व्हायचं होतं."

"काय व्हायचं होतं?"

"जेवण."

"जोवित, आठ महिने झालेत. तुझी मुलगी आहे बाहेर."

"माहीत आहे." त्यानं पेन्सिल खाली ठेवली. "तुम्ही सांगा, मी उठतो."

काय उत्तर आहे हे! सरळ प्रश्नाला सरळ जबाब नाही. स्वतःचा निर्णय स्वतः घेता येत नाही, दुसऱ्याच्या परवानगीसाठी अडून बसतो. मी नोंद केली, परावलंबी वृत्ती, निर्णयशक्ती क्षीण, नाताळनंतर पुन्हा तपासावं. आकडे मागच्यापेक्षा वाईट होते, माझ्या हातात काय आहे?

मावशीचं विचारायचं राहिलं.

डॉक्टरांनी कागद वाचला आणि सही न करता टेबलावर ठेवला; निर्णय होईपर्यंत जोवित इथंच. "मॅडम, शहरातून कुणाला तरी बोलावू या का? दुसरी नजर." मी म्हटलं, "तेवीस वर्षांत माझ्या कामावर कुणी दुसरी नजर टाकली नाही." ते म्हणाले, "तेच तर." असं का म्हणाले कळलं नाही. दिवसभर डोक्यात भुंगा.

१५ डिसेंबर

हे लिहायला नको असं वाटतंय, तरी लिहिते.

आज नातेवाइकांचा दिवस होता. वर्षातून एकदाच लहान मुलांना आत सोडतात. अंगणात कागदी तारे टांगलेले, पासिंगनं शेवयांचं मोठं पातेलं केलेलं. सगळे पेशंट पिवळ्या बनियनांत, केस बारीक कापलेले, एका रांगेत उभे.

लिलिया आली, बोटाला आयव्ही. नवा फ्रॉक, पायात मोठे बूट. आल्या आल्या थोरांचा हात कपाळाला लावायचा, हे पोरीला चांगलं शिकवलंय. लिलियानं हलकेच पुढं ढकलली, "जा, बाबांचा आशीर्वाद घे."

पोरगी धावत गेली आणि जोवितच्या शेजारच्या माणसाचा हात धरून कपाळाला लावला.

सगळे हसले. तो शेजारचाही हसला, "अगं, मी नाही, हा, हा!" जोवितही हसला. सगळ्यांत जास्त तोच हसला. खाली बसला, हात पुढं केला. आयव्हीनं एकदा लिलियाकडे पाहिलं, जणू विचारत होती, हाच का? लिलियानं मान हलवली. मग पोरीनं त्याचाही हात कपाळाला लावला. शहाण्या मुलीनं परक्या काकांचा लावावा तसा.

नंतर शेवया वाढल्या. जोवित माझ्याजवळून ताट घेऊन गेला, मला म्हणाला, "या मॅडम, जेवायला." मी म्हटलं, "पोट भरलंय." तो पुढं गेला. मी माझ्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं आणि रडले. कशासाठी ते मला नीट सांगता येत नाही. लिलियाचं बोलणं आठवत होतं. मला पुरती सवय लागली ना, तर मीच खोट काढीन.

१६ डिसेंबर

सकाळी डॉक्टरांकडे गेले. बसले नाही, उभ्यानंच सांगितलं, "शहरातून माणूस बोलवा. जोवितची चाचणी मी घेणं योग्य नाही."

"का, मॅडम?"

तोंडात शब्द तयार होते, वस्तुनिष्ठता, अंतर वगैरे. ते बोललेच नाहीत. मी म्हटलं, "मला त्याच्याबरोबर जेवायची सवय लागलीय."

डॉक्टर काही बोलले असते तर मी भांडले असते. त्यांनी फक्त फोन उचलला. हा पोरगा अगदीच वाईट नाही.

माझे जुने कागदही सोबत द्या म्हटलं. सगळे. लाज वाटली तर वाटली.

२५ डिसेंबर

मारिसेल येणार नाही, हे कळलंच होतं. आज वॉर्डात तिची पाळी आहे. फोनवर पाच मिनिटं दिसली, मागे कुणीतरी घंटी वाजवत होतं. "आई, जेवलीस का? कुणाबरोबर?" मी म्हटलं, "पुष्कळ जण आहेत गं, आवाज नाही का येत?" शेजारच्या घरातली गाणी मोठ्यानं चालू होती, त्यामुळे खपलं.

फोन ठेवल्यावर तिनं पाठवलेलं भेटकार्ड वाचायला चष्मा शोधू लागले. टेबलावर, फ्रीजवर, उशीखाली. सगळं घर पालथं घातलं. आणि कुणीतरी शेजारी बसून बोलावं तसं स्वच्छ ऐकू आलं, "मॅडम, गळ्यात आहे."

मी तशीच खुर्चीत बसले.

जाडी बाई. दोरीला चष्मा. टेबलाशी एकटी जेवतेय. त्या केंद्रात अशी एकच बाई आहे, आणि हे कळायला तिला चार महिने लागले. मावशी म्हणे! माणसं ओळखायची म्हणून दारावर माझ्या नावाची पाटी आहे. त्यानं दर वेळी मला माझंच चित्र काढून दिलं आणि मी दर वेळी त्याच्या नावावर आजार लिहिला.

आणि त्या "हो"चं काय? झोप लागत नाही, हो. घरी जायची भीती वाटते, हो. मी "तू तयार नाहीस" म्हटलं, म्हणून त्यानं मला खोटं पाडलं नाही, एवढंच. मी बोलावलं म्हणून बसला, माझं होईना म्हणून उठला नाही. आणि तिकडे त्याची पोरगी बाप विसरली.

देवा, मी किती वेळ जेवत होते.

८ जानेवारी

शहरातून आलेल्या बाईंनी जोवितची चाचणी घेतली. तरुण, चटपटीत, चष्मा केसांवर अडकवलेला. आकडे सप्टेंबरमध्ये होते तितकेच बरे आले. चित्रात एक माणूस आहे, खांद्यावर मूल. मुलाच्या पायात मोठे बूट.

त्या बाईंनी मला विचारलं, "आधीच्या चित्रांतली बाई कोण हो?"

मी म्हटलं, "इथलीच एक. तिच्यावर उपचार चालू आहेत."

शेरा : घरी जायला तयार. महिन्यातून एकदा दाखवायला यावं, शहरातल्या दवाखान्यात. डॉक्टरांनी सही केली. मीही खाली केली. 

१२ जानेवारी

आज जोवित गेला.

सकाळपासून मी खोलीतच होते. तुरीचं, फणसाचं कालवण आणलं होतं. सवयीनं दोन ताटं मांडली गेली. एक उचलून ठेवावं म्हटलं, तेवढ्यात तो दाराशी आला. हातात पिशवी, अंगात लिलियानं आणलेला निळा शर्ट, बाहीवर अजून घडीच्या रेघा. खिडकीतून गेट दिसत होतं. लिलिया उभी होती आणि आयव्ही लोखंडी गजांमधून नाक आत घालून बघत होती.

मी पहिला घास घेतलेला. म्हटलं, "ये जेवायला."

रीत म्हणून म्हटलं. नाही, मनापासून म्हटलं. हे माझंच पान आहे, इथं तरी खरं लिहावं.

त्यानं पातेल्याकडे पाहिलं. सकाळची पेजही त्यानं घेतली नव्हती, पासिंग सांगत होती, आनंदानं घास उतरत नाही म्हणून. तो दोन पावलं आत आला. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला.  बसला तर?

"नको मॅडम," तो म्हणाला. "पोट भरलंय."

अगदी जसं म्हणायचं असतं तसं. सूरसुद्धा बरोबर.

मी उठायला लागले. "नाही, नाही, तुम्ही जेवत राहा," तो म्हणाला, वाकला आणि माझा हात उचलून कपाळाला लावला. माझ्या बोटांना कालवण लागलं होतं, ते त्याच्या कपाळाला लागलं. त्यानं पुसलं नाही.

"पोरीला तुझ्या हातचं काहीतरी करून घाल," मी म्हटलं. "मीठ बघून घालशील तूच."

"हो मॅडम."

मग तो गेला. मी खिडकीशी गेले नाही. जेवत राहा म्हणाला होता.

मी माझं ताट फिरवलं. सावकाश, पुरता एक वेढा. मग समोरचंही फिरवलं, रिकामंच होतं तरी. परत यावा म्हणून नव्हे. नीट पोचावा म्हणून.

कालवणात आज मीठ बरोबर पडलं होतं. सांगायला कुणी नव्हतं.